एकाच केसवर संशोधन होतं का?

होतं. पण मदत सुरू करण्याआधी मोजायला हवं. समजा, शाळा बुडवणारा एक मुलगा तुमच्याकडे आला. पहिल्याच दिवशी समुपदेशन सुरू केलंत, तर पुढे वाढलेली हजेरी तुमच्यामुळेच, हे कशावरून? म्हणून आधीचे काही आठवडे मोजा. ही बेसलाइन, म्हणजे 'अ' टप्पा. (शाळेचं हजेरीपत्रक मिळालं तर थांबावंही लागत नाही.) हस्तक्षेप म्हणजे 'ब'. 'अ' मध्येच हजेरी चढत असेल, तर श्रेय घ्यायची घाई नको.

पुढे पुस्तकं 'अबअब' सांगतात: मदत काढा, हजेरी घसरते का बघा, पुन्हा द्या. पुरावा भक्कम, पण सावरलेल्या मुलाची मदत आलेखासाठी काढायची? मला नाही पटत. बेअर, वुल्फ आणि रिस्ले यांच्या १९६८ च्या लेखात दुसरी वाटही आहे: मल्टिपल बेसलाइन. ती तीन मुलांवर अशी वापरता येते: मोजणी तिघांची एकदम सुरू, हस्तक्षेप मात्र वेगवेगळ्या आठवड्यांत. प्रत्येकाची हजेरी आपापल्या हस्तक्षेपानंतरच वाढली, तर योगायोग म्हणणं अवघड. यात तिसऱ्याला थांबावं लागतं खरं. त्याच्या घरी मारहाण होतेय असं कळलं, तर बेसलाइन बाजूला ठेवा आणि आधी त्याच्याकडे जा.