शिवी कुणाला लागते?

मी सातवीत होतो तेव्हाची गोष्ट. उन्हाळ्याची सुट्टी होती आणि वाड्याच्या अंगणात आमचं क्रिकेट रंगात आलं होतं. मी धावबाद झालो असं माझा मित्र म्हणत होता आणि मी 'नाही' म्हणून हटून बसलो होतो. आवाज चढले आणि माझ्या तोंडून त्याला आईवरून शिवी गेली. तिचा धड अर्थही मला ठाऊक नव्हता. मोठी माणसं भांडताना ऐकली होती, तीच फेकून मारली.

मागे वळून पाहतो तर त्याची आई दारात उभी! हातात आमच्यासाठीच केलेल्या सरबताचं भांडं. काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या, "सरबत पिऊन घ्या रे, ऊन फार आहे." आणि आत गेल्या. ते सरबत काही माझ्या घशाखाली उतरेना.

मित्रांनो, भांडण होतं आम्हा दोघांचं. धाव पुरी झाली की नाही, याच्याशी काकूंचा काय संबंध? पण शिवी गेली ती थेट त्यांच्याकडे. जरा आठवून पाहा, बहुतेक वाईट शिव्या अशाच असतात. राग एकावर आणि मार दुसऱ्यालाच! नाहीतर मग कुणाची जात काढायची, कुणाचा रंग, कुणाचा अधू पाय. म्हणजे ज्यात त्या बिचाऱ्याचा काडीचाही दोष नाही, तेच नेमकं काढायचं.

शिवीला पाचशे रुपये!

ही गोष्ट एका अख्ख्या गावाला खटकली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात सौंदाळा नावाचं गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेनं ठराव केला, की आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड! भांडणं पुरुषांची आणि अपमान मात्र घरातल्या बायकांचा, हे थांबलं पाहिजे, असं गावानं ठरवलं. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, हा नियम काही फक्त मुलांसाठी नाही. मोठ्यांनाही तोच दंड.

गंमत पाहा, याच नेवाशात सातशे वर्षांपूर्वी ज्ञानेश्वरी सांगितली गेली. चांगल्या माणसाचं बोलणं कसं असतं, हे ज्ञानेश्वरांनी तेराव्या अध्यायात फार सुंदर सांगितलं आहे. अशा माणसाची माया आधी पाझरते आणि शब्द मागून येतात. शिवीचं अगदी उलट असतं. शब्द आधी सुटतो आणि पश्चात्ताप मागून येतो!

बर्फाच्या पाण्यातला हात

पण मग शिवी तोंडात येते तरी का? दारात बोट चेमटलं की भल्याभल्यांची जीभ सुटते. इंग्लंडमधल्या कील विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड स्टीफन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा चक्क प्रयोग केला. विद्यार्थ्यांना बर्फासारख्या गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं. एकदा तोंडानं शिवी घोकायची आणि एकदा टेबलाचं वर्णन करणारा एखादा साधा शब्द. शिवी घोकताना विद्यार्थ्यांचा हात पाण्यात जास्त वेळ राहिला! हा प्रयोग २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला 'इग नोबेल' नावाचं बक्षीस देतात, ते या प्रयोगाला २०१० मध्ये मिळालं.

"बघ आई, शास्त्रज्ञच सांगतात!" असं म्हणून लगेच उड्या मारू नका. पुढच्या प्रयोगात असं दिसलं, की ज्यांना रोज ऊठसूट शिव्या द्यायची सवय आहे, त्यांना तिचा फारसा उपयोग होत नाही. आणि आणखी एक गोष्ट. त्या प्रयोगात शिवी कुणाला दिलेलीच नव्हती. समोर होतं फक्त गार पाणी, आणि पाण्याला काही आई-बहीण नसते.

आपल्याकडेही हे लोकांना पूर्वीपासून माहीत असावं. सातारा जिल्ह्यात खंडाळा तालुक्यात बोरी आणि सुखेड ही शेजारशेजारची गावं आहेत. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बाया ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि वाद्यांच्या गजरात, हातवारे करत एकमेकींना शिव्या घालतात. याला म्हणतात 'बोरीचा बार'. पण त्याचा दिवस ठरलेला, जागा ठरलेली, आणि हा रिवाज आहे हे समोरचीलाही ठाऊक. आपण मात्र बाराही महिने, वाटेल तिथे आणि बेसावध माणसाला शिवी हाणतो.

मग राग आल्यावर करायचं काय?

राग येणारच. तो यायलाही हवा. पण तो बोलून दाखवता येतो. "तू खोटं बोललास, मला राग आलाय," हे वाक्य कुठल्याही शिवीपेक्षा जड आहे. कारण ते ज्याला लागायला हवं त्यालाच लागतं. आणि नुसता फणकारा बाहेर काढायचा असेल, तर मित्रमंडळींनी मिळून आपले खास शब्द तयार करावेत. 'अरे भोपळ्या', 'फुटक्या माठा', 'शिळ्या भज्या'! जोरात म्हणून पाहा. निम्मा राग हसण्यातच विरून जातो.

आईबाबांनाही एक विनंती. शिव्या काही शाळेच्या पुस्तकात नसतात. गाडी चालवताना कुणी आडवं आलं, टीव्हीवर सामना हरत आला, की मागच्या सीटवरचे आणि सोफ्यावरचे छोटे कान टवकारतात. सौंदाळ्याचा दंड घरातही सुरू करता येईल. पाचशे नको, पाच रुपये पुरे. एक डबा ठेवायचा आणि नियम सगळ्यांना सारखा. डबा आधी कोण भरतं ते बघा!

आता काकूंचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. आत जायचा धीर होईना. शेवटी कसंबसं म्हटलं, "काकू, काल माझं चुकलं. तुमच्याबद्दल मला तसं काही म्हणायचं नव्हतं."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मला आत बोलावलं, समोर बसवलं आणि विचारलं, "ते असू दे. खरं सांग, धावबाद होतास की नव्हतास?"

मी मान खाली घालून म्हटलं, "होतो."