लांकूड तासण्यासाठीं चाकू कसा निवडावा

शेतकऱ्याच्या खिशांत घडीचा चाकू असतोच. मोडलेली शिवळ नवी करावयाची, कुदळीच्या दांड्यास पाचर बसवावयाची, खुरप्याची मूठ हातास बसेल अशी करावयाची, पोरांस विटी करून द्यावयाची, अशीं लहान कामें सुताराकडे नेण्याजोगीं नसतात. तीं बांधावर बसल्याबसल्या चाकूनें उरकतात. परंतु हा चाकू विकत घेतांना आपण जी बेपर्वाई दाखवितों ती बैल घेतांना तर सोडाच, पण मातीचा रांजण घेतांनाहि दाखवीत नाहीं. रांजण निदान वाजवून तरी घेतों.

हा दोष आमच्या हातून घडला आहे, व त्याचें फळ आमच्या घरांत आजहि डोळ्यांसमोर आहे. आम्ही महसूल खात्यांत कारकून असतांना एका यात्रेंतून सात पात्यांचा एक चकचकीत चाकू पुतण्यासाठीं आणला. त्यांत कात्री होती, कानस होती, बूच काढण्याचा मळसूत्री खिळाहि होता. महिन्याच्या आंतच पुतण्या बाभळीच्या शिवळेस जोत्याकरितां भोंक पाडावयास बसला. त्यानें टोंक लांकडांत रुतवून दाबून फिरविलें. पाठीमागची कमान ढिली असल्यामुळें पातें एकदम मिटलें आणि तर्जनीच्या आंतील शीर तुटली. टांके पडले, जखम भरून आली, पण तें बोट अद्यापि पुरतें वळत नाहीं. म्हशीचें दूध काढतांना तो उरलेल्या बोटांवर काम भागवितो. दुकानदारास बोल लावण्यांत अर्थ नाहीं. चाकू पारखून घेण्याचें काम आमचें होतें, आणि आम्हीं केवळ पातीं मोजलीं.

तेव्हांपासून आम्हीं या विषयाकडे जरा बारकाईनें पाहिलें, तें शेतकरी बंधूंपुढें ठेवितों.

प्रथम लांबीविषयीं. चाकू लांब असला म्हणजे काम अधिक होतें ही समजूत खोटी आहे. लांकूड तासतांना जोर मनगटांतून व आंगठ्यांतून येतो, आणि पात्याचा जो भाग मुठीच्या लगत असतो त्यालाच तो पुरता मिळतो. टोंक जितकें दूर, तितकें तें डगमगतें. आमच्या आजोबांच्या वेळीं, निजामी अमदानींत, दप्तर उर्दूंत असे आणि बोरू तासण्याच्या चाकूस ‘कलमतराश’ म्हणत. त्याचें पातें बोटाच्या दोन पेरांएवढेंच असे. शिवळ ही बोरूहून जाड खरी, पण तासण्याची क्रिया तीच. अडीच इंच, फार तर तीन इंच पातें या कामास पुरे. संयुक्त प्रांतांतील, म्हणजे आतांच्या उत्तर प्रदेशांतील, रामपूरचा लांब पात्याचा, खटका दाबून उघडणारा चाकू पुष्कळांस भूल पाडतो. पण तो लांकडाच्या कामाचा नव्हे. शिवाय १९५९ च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत धरले आहेत. घरगुती, शेतकी, शास्त्रीय व औद्योगिक कामासाठीं घडविलेल्यांस त्यांतून वगळलें आहे हें खरें. तरी बाजाराच्या दिवशीं खिशांतील हत्यार कोणत्या कामाचें हें शिपायास समजावीत बसण्यापेक्षां आंखूड चाकू बाळगणें सोईचें.

पात्याची धार सरळ असावी, विळ्यासारखी वळलेली नसावी. विळा पीक आपल्याकडे ओढून कापतो. चाकूनें तासतांना ढलपी पुढें ढकलून काढावयाची असते, आणि सरळ धार लांकडावर जेथें ठेवावी तेथेंच चालते. पातें पाठीशीं दोन मिलिमीटरांच्या आसपास जाड असून धारेपर्यंत एकसारखें निमुळतें होत आलेलें असावें. पुष्कळ स्वस्त चाकूंत पातें जाडच ठेवून अगदीं कडेला तेवढी धार काढलेली असते. असा चाकू कागद सुरेख कापतो, आणि दुकानदार कागदच कापून दाखवितो. लांकडांत मात्र तो कुऱ्हाडीप्रमाणें फट पाडतो, ढलपी काढीत नाहीं.

आतां सांधा, आमच्या मतें हाच सर्वांत महत्त्वाचा. चाकू अर्धा उघडून पातें दोन बोटांत धरावें व डावीकडे उजवीकडे हलवून पाहावें. किंचितहि खडखडलें तर परत करावा. तो खिळा पुढें सैलच होत जाणार. नंतर पूर्ण उघडून पात्याची पाठ लांकडी फळीवर हलकेच आपटावी, बोटें मात्र पात्याच्या वाटेंत ठेवूं नयेत. मिटूं लागला तर त्यास अटक नाहीं, किंवा आहे ती नांवाची आहे. नुसत्या कमानीवर उभें राहणारें पातें ढलप्या काढण्यास चालेल, कारण त्या वेळीं जोर धारेवर पडतो व पातें उघडेंच राहतें. टोंकानें कोरावयाचें असेल तर मात्र अटक पाहिजेच. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यानें १८९० च्या सुमारास डोंगरी शेतकऱ्यांसाठीं एक साधा चाकू काढला: एक पातें, एक लांकडी मूठ, बस्स. १९५५ सालीं त्याच्या मुठीस फिरती कडी बसविली. कडी फिरविली कीं पातें मिटत नाहीं. इतकी सोपी युक्ति दुसरी आमच्या पाहण्यांत नाहीं. त्याची मूठ मात्र पावसाळ्यांत फुगते व पातें उघडावयास नख मोडतें, हाहि अनुभव आहे.

पोलादाचा विषय जरा खोल आहे. इंग्लंडांतील शेफील्ड येथें १९१३ सालीं हॅरी ब्रेअर्ली यानें न गंजणारें पोलाद केलें, आणि तेव्हांपासून चकाकी म्हणजेच उत्तमपणा अशी लोकांची समजूत झाली. अशा पोलादांत शेंकडा साडेदहा किंवा अधिक क्रोमियम असतें. त्याचे चांगले चाकू होतात यांत संशय नाहीं. पण ज्या जातीचे चमचे व ताटें होतात ती जात पाणी देऊन कठीण होतच नाहीं. यासाठीं खिशांत एक लहान लोहचुंबक न्यावें. पात्यास तें चिकटलें नाहीं तर तो चाकू लोणी लावण्याचा समजावा. चिकटलें म्हणून पातें चांगलें ठरतें असें मात्र नव्हे.

साधें, कर्बाचें पोलाद गंजतें, परंतु धार लौकर घेतें व निसण्यावर थोड्या श्रमांत पुन्हां येतें. बाभळीचें ओलें लांकूड तासलें कीं असें पातें काळें पडतें. त्यानें घाबरूं नये. हिरडा व हिराकस यांपासून आपले पूर्वज जी शाई करीत तीच ही क्रिया: लांकडांतील तुरट द्रव्य व लोखंड एकत्र आलें म्हणजे काळा रंग होतो. तो डाग गंजापासून पात्याचें थोडेंबहुत रक्षणच करतो. लाल गंज मात्र लागलाच घासून काढावा.

आमच्या भागांत घिसाडी मालमोटारीच्या जुन्या कमानीच्या पाट्यापासून विळे, खुरपीं घडवितात, त्याच पाट्यापासून चाकूचें पातेंहि करून देतात. हें पोलाद चिवट असतें. त्याची पारख पाणी देण्यांत आहे. तापवून एकदम थंड केलेलें पातें कांचेसारखें ठिसूळ होतें. तें पुन्हां हळूहळू ऊन करावें लागतें, आणि वाळल्या गवतासारखा पिवळा रंग चढतांच थांबावें लागतें. रंग निळ्यावर गेला कीं पातें मऊ पडलें. पात्याच्या पाठीवर कानस चालवून पाहावी: ती सहज कोरीत गेली तर पातें मऊ, निसटत गेली तर कठीण. दुकानांत कोणी कानस लावूं देणार नाहीं, पण घिसाडी देतो, व त्यास त्याचा रागहि येत नाहीं. यंत्राच्या चाकावर धार लावून घेतांनाहि हाच निळा रंग जपावा. ठिणग्या उडत असतां पातें वारंवार पाण्यांत बुडविलें नाहीं तर दोन मिनिटांत चांगल्या चाकूचें मातेरें होतें. नांदेडांत शिकलगारांची वस्ती आहे. त्यांतील जुने लोक हें न सांगतां जाणतात.

पोलादाची विद्या आपल्या शेजारीं नवी नव्हे. देगलूर, बिलोलीच्या पलीकडे निजामाबाद जिल्ह्यांत कोनासमुद्रम् म्हणून गांव आहे. तेथें मुशींत गाळलेलें पोलाद इराणांत तरवारींसाठीं जात असे, डॉ. व्हॉयसी यांनीं तेथील रीत लिहून ठेविली, ती १८३२ सालीं छापली गेली. ती भट्टी केव्हांच विझली. लातुराचे अडकित्ते मात्र पानाच्या डब्यांत अजून आढळतात, आणि सुपारीवर न वळणारें पातें कसें असतें हें पाहावयाचें असल्यास एखादा जुना अडकित्ता हातीं घेऊन पाहावा.

खरेदीस जातांना लांकडाचे दोन तुकडे बरोबर न्यावेत: एक निंबाचा, एक वाळलेल्या बाभळीचा. दुकानदार हंसेल, हंसूं द्यावें. निंबावर पातें लांब, गुळगुळीत ढलपी काढतें कीं नाहीं तें पाहावें. मग बाभळीवर वीस पंचवीस ढलप्या काढाव्यात आणि धार डोळ्यांसमोर उजेडाकडे धरावी. जेथें पांढरी रेघ चमकेल तेथें धार वळली अथवा बोथटली. खरी धार दिसत नाहीं. एवढ्याच कामांत जो चाकू चमकूं लागला तो घरीं नेऊन काय करावयाचा? याच वेळीं मुठीचीहि परीक्षा होते. बोटांसाठीं खांचे पाडलेली मूठ दिसावयास शोभिवंत, पण ती एकाच पकडीस सोईची. तासतांना पकड सारखी बदलते, आणि त्या खांच्यांनींच फोड येतात. साधी, गोल कडांची, तळहात भरेल इतकी मूठ बरी.

चाकू चांगला मिळाला तरी लांकूड जोडीचें हवें. धावड्याचा दांडा उत्तम, पण वाळल्यावर त्यास चाकू लावणें म्हणजे दगड तासणें. तो ओला असतांनाच आकारास आणून सावलींत वाळवावा. नवशिक्या मुलास पांगारा किंवा सावर द्यावी. भोकर, भैंशावरून पुढें निर्मळ लागतें. तेथील खेळणीं करणारे कारागीर पोनिकी नांवाचें अतिशय हलकें व मऊ लांकूड वापरतात, तें कांहीं उगाच नव्हे.

धार राखण्यास निसणा घरचा असावा. कागदाचा काटकोनी कोपरा दुमडून अर्धा करावा, तो ४५ अंशांचा. पुन्हां अर्धा केला कीं साडेबावीस. पातें निसण्यावर त्याहून किंचित् खालीं ठेवून दोन्ही बाजूंस सारख्या वेळां ओढावें, शेवटीं न्हाव्याच्या पट्ट्यासारख्या चामड्यावर पुसावें. बोथट चाकू धारदार चाकूहून अधिक इजा करतो, कारण त्यास जोर लावावा लागतो, आणि जोर निसटला कीं हात वाटेंत असतो. सांध्यांत करडईचें वा जवसाचें तेल घालूं नये; तें वाळून चिकट होतें व पातें अडतें. गाडीच्या वंगणास जें एरंडेल वापरीत तेंच येथें योग्य. जवसाचें तेल लांकडी मुठीस चोळावें. तेथें त्याचें वाळणें उपयोगीं पडतें.

पुतण्यास आम्हीं मागाहून दुसरा चाकू आणून दिला: एका पात्याचा, अडीच इंचांचा, कडीचा. त्यानें केलेल्या चार शिवळा आमच्या जुवास आहेत. भोंकें मात्र तो आतां गिरमिटानेंच पाडतो.