दोन हाडांवरचे दोनशे किलोमीटर

हे वाचता वाचता एक करून बघा. कडक खुर्चीवर बसा, दोन्ही तळहात खाली सरकवा आणि जरासे डुला. टोचली ना दोन हाडं? उभे असताना तीच चाचपायला गेलात, तर सहजी हाती लागायची नाहीत, कारण नितंबाचा जाड स्नायू त्यांच्यावर आलेला असतो. बसायला वाकलो की हा स्नायू आपसूक वर सरकतो आणि हाडांना वाट मोकळी करून देतो! आपण मांसावर बसतो असं वाटतं, पण शरीराने बसण्यासाठी हाडांचे दोन खुंट घडवून ठेवलेत.

लांब पल्ल्याच्या सायकलीचं सगळं सुख याच दोन खुंटांवर उभं आहे. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब सायकलफेरीला, साडेतेरा तास मिळतात. त्यातले दहा तास जरी मिनिटाला 80 वेळा पायडल फिरलं, तरी हिशेब होतो 48,000 फेऱ्यांचा. म्हणजे प्रत्येक मांडी सीटच्या नाकाशेजारून, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकाशेजारून, 48,000 वेळा जाते! नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण करून आले. सुमारे 4,800 किलोमीटर, तेही बारा दिवसांच्या आत. त्या फेऱ्या तुम्हीच मोजा.

मग वाशिमच्या दुकानात सीट घेताना आपण काय करतो? अंगठ्याने दाबतो आणि सगळ्यात मऊ सीट उचलतो. घोटाळा नेमका इथे होतो. जाड जेलमध्ये दोन्ही हाडं रुततात आणि मधला भाग फुगून वर येतो. तो दाबतो कुठे? पायांमधल्या नाजूक जागेत, जिथून नसा आणि रक्तवाहिन्या जातात. तासाभरात मुंग्या, मग बधिरपणा. अमेरिकेत 90 सायकलस्वार पोलिसांना सहा महिने बिननाकाच्या सीट वापरायला दिल्या, तेव्हा बधिरपणा अजिबात न जाणवणाऱ्यांचं प्रमाण 27 टक्क्यांवरून 82 टक्क्यांवर गेलं. 2008 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. नाक गेलं की मांड्यांनी सायकल सावरण्याचा आधारही जातो, म्हणून लांबचे स्वार बहुधा नाक ठेवतात आणि मधे खाच असलेली सीट निवडतात.

म्हणजे मऊपणा नव्हे, रुंदी बघायची. ती मापायची कशी? खोक्याचा पुठ्ठा पायरीवर ठेवा, त्यावर बसा आणि पुढे वाका. उठलात की दोन खळगे दिसतील. त्यांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर माणसागणिक साधारण 10 ते 15 सेंटीमीटर भरतं. बायकांचं सरासरीने थोडं जास्त. त्यात दोनेक सेंटीमीटर मिळवा, झालं तुमचं माप.

पण थांबा, बसण्याची ढब बदलली की मापही बदलतं! ताठ बसलं की भार हाडांच्या मागच्या, रुंद भागावर येतो. हँडलवर ओणवं झालं की कंबर पुढे कलते आणि भार हाडांच्या पुढच्या, जवळजवळ येणाऱ्या कडांवर सरकतो. रिसोडच्या बाजाराला ताठ बसून जाणाऱ्या आजोबांच्या सायकलीची ती रुंद, स्प्रिंगांची सीट त्यांच्यासाठी अगदी योग्य होती. तीच रेसच्या सायकलीवर चढवली तर मांड्या सोलून काढेल.

सगळ्यात मोहून टाकते ती चामड्याची सीट. बर्मिंगहॅमच्या ब्रुक्सने 1882 मध्ये आपलं सीटचं पहिलं पेटंट घेतलं. आत गादी नाहीच. जाड चामडं पुढच्या-मागच्या टोकांत ताणून बसवलेलं, घरच्या बाजेसारखं. काही शे किलोमीटरनंतर त्यात तुमच्याच हाडांचे दोन खळगे पडतात! चामडं सैल झालं, तर नाकाखालचा बोल्ट थोडा फिरवायचा. मात्र आपल्या पावसाळ्यात ती भिजू द्यायची नाही; ओलं चामडं ताणलं जाऊन बेढब होतं.

आणि माप अचूक असूनही टोचतंय? तर आधी सीटची उंची बघा. सीट फार उंच असली, तर पायडल गाठायला कंबर डावी-उजवी झुलते आणि कातडी घासते. नाक वर असेल तर नाजूक जागेवर दाब येतो, खाली असेल तर माणूस पुढे घसरतो आणि हात भरून येतात. सीट सपाट ठेवून सुरुवात करा. सायकलिंगची पॅडवाली चड्डी घालणार असाल, तर तिच्या आत दुसरं काही नको. आतल्या कपड्याची शिवण नेमकी हाडाखाली येते. नवी सीट घेऊन थेट ब्रेव्हेला तर मुळीच उतरू नका. आधी मंगरूळपीरपर्यंत जाऊन परत या, खिशात सीटचा बोल्ट फिरवायची ॲलन की असू द्या, आणि एका वेळी एकच बदल करा, तोही अगदी थोडा.