तळपायाचा काळा डाग आणि निदानाची घाई

श्रावणातल्या शनिवारी छत्रपती संभाजीनगरहून खुलताबादच्या भद्रा मारुतीला माणसे पायी जातात. सुमारे २५ किलोमीटरची वाट, अनेकजण अनवाणी. घरी पाय धुताना तळव्यावर काळा डाग दिसला, तर काटा, कुरूप किंवा साकळलेले रक्त समजून तो विसरला जातो. बहुतेकदा ते खरेही असते. पण मेलॅनोमा, म्हणजे त्वचेतील रंगपेशींचा कर्करोग, आपल्याकडे बऱ्याचदा तळपायावर किंवा नखाखाली आढळतो. तिथे ऊन पोहोचत नाही. म्हणून सावळ्या कातडीचे संरक्षण तिथे कामाचे नाही.

डागाचे निदान सूक्ष्मदर्शकाखाली होते. नेहमीच्या पद्धतीत तुकडा फॉर्मॅलिनमध्ये मुरवून मेणात बसवतात आणि मग त्याचे काप घेतात. याला काही दिवस लागतात. दुसरी पद्धत ‘फ्रोझन सेक्शन’. १९०५ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये लुई विल्सन यांनी ती रुळवली. तुकडा उणे २० अंशांच्या आसपास गोठवून त्याचे सुमारे ५ मायक्रॉन जाडीचे काप रंगवतात. रुग्ण शस्त्रक्रियेच्या टेबलावर असतानाच, साधारण २० मिनिटांत, उत्तर मिळते.

मग मेलॅनोमासाठी हीच पद्धत का नको? गोठताना पेशींतील पाण्याचे स्फटिक होतात आणि पेशींचा आकार बिघडतो. साध्या त्वचापेशींभोवती पोकळी दिसून त्या रंगपेशींसारख्या भासतात. खऱ्या रंगपेशी आक्रसून नजरेतून सुटतात. शिवाय रोग किती मिलिमीटर खोल गेला, हे नीट मोजता येत नाही. १९७० साली अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी दाखवले, की रुग्णाचे भवितव्य या खोलीशी बांधलेले असते. खोली १ मिलिमीटरपर्यंत असेल तर भोवतालची १ सेंटिमीटर निरोगी त्वचा काढतात. २ मिलिमीटरहून अधिक असेल तर २ सेंटिमीटर. लहानसा तुकडा गोठवण्यातच संपला, तर हे माप कायमचे हुकते. निदान आधीच पक्के असेल, तर कडा तपासण्यासाठी काही केंद्रांत विशेष रंग वापरून गोठवलेले काप पाहतात. पण पहिले निदान त्यावर सोपवत नाहीत.

“आजच काय ते सांगा, डॉक्टर,” ही गावाकडच्या रुग्णाची विनवणी समजण्यासारखी आहे. दुसऱ्या खेपेला मजुरी बुडते, एसटीचे भाडे पडते. पण बोट काढायचे की वाचवायचे, हे त्या अहवालावर ठरते. त्यासाठी काही दिवस थांबण्याने सहसा नुकसान होत नाही. नुकसान होते ते वाढणाऱ्या, रंग बदलणाऱ्या डागाला कुरूप समजून घरी घालवलेल्या महिन्यांनी.