कामावरचा खून आणि हेतूचा प्रश्न

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील एखाद्या पेढीवरचा दिवाणजी दिवसाची रोकड घेऊन बँकेकडे निघाला आणि त्या पैशासाठी वाटेत कोणी त्याचा जीव घेतला, तर तो मृत्यू कामावरचा मानावयाचा की नाही? हा प्रश्न न्यायालयांपुढे फार पूर्वीच आला आहे. इंग्लंडमध्ये १९१० साली निस्बेट खटल्यात, खाणमजुरांचा पगार आगगाडीने नेणाऱ्या रोखपालाचा खून हा नोकरीतून उद्भवलेला ‘अपघात’ ठरला. खुन्याच्या बाजूने ते हेतुपुरस्सर कृत्य. मृताच्या बाजूने मात्र कोसळलेली आपत्ती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली रीतादेवी खटल्यात हाच विचार मान्य केला. तेथे रिक्षा पळविण्यासाठी प्रवाशांनीच चालकाला ठार केले होते. त्या माणसाला मारणे हाच मूळ हेतू असेल तर तो निव्वळ खून. हेतू चोरीचा असून ओघात खून घडला तर तो अपघाती खून, असा भेद न्यायालयाने केला.

हा भेद विधवेला भरपाई मिळवून देण्यास उपयोगी आहे. कारणांचा शोध घेण्यास तो पुरत नाही. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ पानेवाडी येथे भेसळखोरांनी जिवंत जाळले. त्या वेळी डिझेलचा दर रेशनच्या रॉकेलच्या सुमारे तिप्पट होता. एवढी तफावत सरकारनेच निर्माण करावी आणि ती राखण्यासाठी एका अधिकाऱ्याने एकट्याने टँकरसमोर उभे राहावे, ही व्यवस्था खुन्याइतकीच तपासून पाहण्याजोगी होती. राज्यातील कर्मचाऱ्यांनी त्यानंतर काम बंद ठेवले. पण लाखोंचा तो संताप दराच्या या गणितापर्यंत कितपत पोहोचला?

पुण्याजवळ हिंजवडीत १९ मार्च २०२५ रोजी घडले ते अगदी निराळे. कंपनीच्या कर्मचाऱ्यांना नेणाऱ्या वाहनाला आग लागून चौघे मृत्युमुखी पडले. पोलिसांच्या म्हणण्यानुसार चालकानेच ती लावली. दिवाळीत पैसे न मिळाल्याचा आणि मजुराची कामे करावी लागल्याचा राग त्याच्या मनात होता. आरोप खरा ठरल्यास त्या कृत्याला क्षमा नाहीच. तथापि असा राग महिनोन्‌महिने साचत असता तो ऐकून घेण्याची जागा किती लहान कारखान्यांत असते? मोठ्या गिरणीत युनियन होती, लेबर ऑफिसर होता; भांडण निदान चव्हाट्यावर येई.

अर्थात युनियन हा काही रामबाण उपाय नव्हे. हरियाणात मानेसर येथील मारुतीच्या कारखान्यात युनियन होती. तरीही १८ जुलै २०१२ च्या दंगलीत एका व्यवस्थापकाचा बळी गेलाच.

शुक्रवार पेठेतील त्या दिवाणजीपाशी बहुधा नेमणुकीचे पत्र नसेल, हजेरीपटावर नाव नसेल. मग खुन्याचा हेतू कोणता होता, या चर्चेपूर्वी आपला नवरा कोणाच्या नोकरीत होता हे त्याच्या पत्नीलाच सिद्ध करावे लागेल.