चौकोनी माथ्याचा प्लग आणि योग्य गोटीची निवड

गव्हाच्या पिकाला पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटण्याच्या सुमारास, पाण्याची अत्यंत महत्त्वाची पाळी द्यावी लागते. नेमक्या अशा वेळी विहिरीवरील पंप हवा धरतो. पंपात पाणी भरण्यासाठी माथ्यावरील प्लग काढावयास जावे, तर तो गंजून घट्ट बसलेला असतो. मग हाती लागेल तो पाना लावला जातो, पाना निसटतो, प्लगाचे कोपरे झिजून माथा गोल होतो आणि जोर वाढविल्यास पंपाच्या बिडाच्या कवचाला तडा जातो. अर्ध्या तासाच्या कामापायी पाण्याची पाळी लांबते. हे नुकसान बहुधा पान्याच्या चुकीच्या निवडीमुळे होते. म्हणून या लहानशा विषयाची माहिती येथे दिली आहे.

प्लगाचे स्थान व माथ्याचा आकार

केंद्रोत्सारी पंप पाणी फेकू शकतो, परंतु हवा ओढून बाहेर टाकू शकत नाही. म्हणून तो सुरू करण्यापूर्वी कवच व शोषण नळी पाण्याने पूर्ण भरावी लागते. त्यासाठी कवचाच्या वरच्या बाजूस एक प्लग असतो. पाणी व गाळ काढून टाकण्यासाठी खालच्या बाजूस दुसरा असतो. नळाच्या टोकाशी आणि काही यंत्रांच्या तेलपेटीवरही असेच प्लग आढळतात. चौकोनी माथा ओतकामात सहज तयार होतो व त्याच्या समोरासमोरील दोन बाजूंवर साधा पानाही धरता येतो. मात्र खुल्या तोंडाच्या पान्याने पुन्हा पकड घेण्यासाठी पाव फेरा जागा लागते. प्लग भिंतीलगत अथवा नळ्यांच्या मध्ये असल्यास तेवढी जागा मिळत नाही. तेथे गोटी पाना, म्हणजेच सॉकेट, उपयोगी पडतो.

गोटीचे कोन किती असावेत

बाजारातील बहुतेक गोट्या सहा कोनी किंवा बारा कोनी असतात, कारण सामान्य नट व बोल्ट षटकोनी असतात. चौकोनी माथ्याला सहा कोनी गोटी निरुपयोगी होय. सहाला चाराने भाग जात नाही. त्यामुळे चारही कोपऱ्यांना एकाच वेळी आधार मिळत नाही.

बारा कोनी गोटी चौकोनी माथ्यावर बसते खरी, पण केवळ कोपऱ्यांच्या टोकांशी तिचा स्पर्श होतो. शिवाय तिच्यावरील अंक षटकोनी नटाचा असल्यामुळे फसगत होते. १३ मि.मी. चौकोनी माथ्यावर सुमारे १६ मि.मी. अंकाची बारा कोनी गोटी बसते. सैल प्लगासाठी ती चालेल. गंजलेल्या प्लगावर ती कोपरे खाऊन टाकते.

खरी योग्य गोटी आठ कोनी होय. एकावर एक तिरपे ठेवलेले दोन चौरस अशी तिच्या आतील रचना असते. चारही कोपरे तिच्या काटकोनी खाचांत नीट बसतात आणि चौकोनाच्या बाजूंवर जोर पडतो. अवघ्या ४५ अंशांवर पुन्हा पकड घेता येते, हा आणखी एक लाभ. दुकानात ‘आठ कोनी’ अशी स्पष्ट मागणी करावी व गोटीची खाच मोजून घ्यावी.

काही प्लगांचा चौकोन वर आलेला नसून आत खोल असतो. अशा प्लगाला गोटी लागत नाही. खळग्याचे माप जुळल्यास रॅचेटचे चौकोनी टोकच त्यात बसते. अर्धा इंची रॅचेटचे टोक १२.७ मि.मी. व ३/८ इंचीचे ९.५ मि.मी. असते.

माप घेण्याची रीत

प्लगाचे नाव आणि माथ्याचे माप यांची गल्लत करू नये. ‘अर्धा इंची’ प्लग हे नळाच्या नावावरून पडलेले नाव आहे. त्याच्या आट्यांचा बाहेरील व्यास सुमारे २१ मि.मी. भरतो आणि चौकोनी माथ्याचे माप या दोहोंहून वेगळे असते.

१. माथ्यावरील रंग, गंज व माती तारेच्या ब्रशाने साफ करावी.

२. समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर व्हर्निअर कॅलिपरने घ्यावे. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजू नये, १४ मि.मी. चौकोनाचा कर्ण जवळजवळ २० मि.मी. भरतो.

३. ओतीव माथा वर किंचित निमुळता असू शकतो. म्हणून बुडाशी, दोन्ही दिशांनी मोजावे व मोठे माप धरावे.

४. माप इंचातील आहे की मिलिमीटरमधील, हे ठरवावे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला. तथापि नळकामात इंचाची मापे आजही रूढ आहेत. ५/८ इंच म्हणजे १५.९ मि.मी.; तेथे १६ मि.मी. गोटी चांगली चालते. ९/१६ इंच म्हणजे १४.३ मि.मी.; त्यावर १४ ची गोटी चढत नाही व १५ ची ढिली पडते. अशा ठिकाणी इंची गोटीच घ्यावी.

गोटी हाताने दाबून बुडापर्यंत बसली पाहिजे आणि हलविल्यास डुगडुगता कामा नये.

प्लग काढण्याची कृती

प्रथम मुख्य स्विच बंद करून फ्यूज काढून ठेवावेत. स्वयंचलित स्टार्टर असलेला पंप वीज येताच आपोआप सुरू होतो, हे विसरू नये. इंजिन असल्यास ते थंड होऊ द्यावे. निकास नळीचा व्हॉल्व्ह बंद करावा. नळीत १० मीटर उंच पाणी उभे असल्यास प्लगावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलोग्रॅम दाब असतो.

आट्यांच्या सांध्यावर गंज सोडविणारे तेल टाकून रात्रभर मुरू द्यावे. सकाळी माथ्यावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. जोराचा घाव बीड सहन करीत नाही. गोटी पूर्ण बसवून दांडा सरळ धरावा. आधी केसभर घट्ट करून मग डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या काट्याच्या उलट, फिरवावे. प्लग हलताच थांबावे, दाब ओसरू द्यावा, मग पुढे फिरवावे. प्लग न हलल्यास दांड्यावर लांब नळी चढवून जोर लावू नये. पुन्हा तेल द्यावे. बिडावर ज्योत धरू नये. असमान तापल्याने ते तडकते.

आठ कोनी गोटी न मिळाल्यास अचूक मापाचा खुल्या तोंडाचा पाना वापरावा, किंवा लोहाराकडून जाड पट्टीत नेमके चौकोनी भोक पाडून चावी करून घ्यावी. पाईप पाना शेवटचा उपाय समजावा. त्याचे दात माथा कुरतडतात. कोपरे झिजलेच असतील, तर चारही बाजू कानशीने सारख्या घासून एक माप लहान गोटी बसवावी.

पुन्हा बसविताना

दोन्हीकडचे आटे पुसून प्लगावर टेफ्लॉन पट्टीचे दोन-तीन वेढे आट्यांच्या दिशेने द्यावेत. पिण्याच्या पाण्याच्या नळावर शिसेयुक्त सफेदा वापरू नये. प्लग आरंभी बोटांनीच फिरवावा, म्हणजे आटे चुकत नाहीत. निमुळत्या आट्यांचा प्लग पाचरीप्रमाणे काम करतो. गळती थांबेल इतकाच आवळावा. नवा प्लग आणताना जुना सोबत न्यावा. ब्रिटिश व अमेरिकन अर्धा इंची आटे दोन्ही इंचाला १४ असतात, पण त्यांचा कोन अनुक्रमे ५५ व ६० अंश असल्याने सांधा गळतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रब्बी हंगामापूर्वी गावातील पंपांच्या प्लगांची मापे पाहून कोणत्या दोन-तीन गोट्या लागतात याची नोंद करावी. एवढा संच गावात एके ठिकाणी ठेवल्यास सर्वांच्या उपयोगी पडेल. शेतकरी बंधूंनीही प्लग हंगामाआधी एकदा काढून, साफ करून पुन्हा बसवावा. पाण्याच्या पाळीच्या दिवशी तो सुखाने निघेल.