साचा कोणाचा, हे आधी ठरवा!
संगणकीय खेळांतील शहरे घडविणाऱ्यांचा नवा धंदा

हातात हुनर असावे आणि काम बाहेरून घ्यावे, ही रीत आमच्या कारागीर बांधवांना नवी नाही. भिवंडी-मालेगावचा मागवाला व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देतो. याच रीतीने चालणाऱ्या एका नव्या धंद्याची माहिती आज आम्ही देत आहोत. व्हिडिओ गेममध्ये जी शहरे, किल्ले, बाजार आणि जंगले दिसतात, ती संगणकावर घडवून देणारे कलाकार घरी बसून देशोदेशीची कामे घेतात. या कामाला ‘एन्व्हायर्नमेंट आर्ट’ म्हणतात.

कामाचा आवाका कळावा म्हणून एक उदाहरण पाहू. अब्बासी खलीफा मन्सूर यांनी इ. स. ७६२ मध्ये बगदादच्या गोल शहराची पायाभरणी केली. कूफा, बसरा, खुरासान आणि शाम या नावांचे चार दरवाजे त्याला होते. ते गोल शहर आज उरलेले नाही. मात्र ऑक्टोबर २०२३ मध्ये बाजारात आलेल्या ‘असॅसिन्स क्रीड मिराज’ या खेळात फ्रान्सच्या युबिसॉफ्ट बोर्दो स्टुडिओने इतिहासाच्या अभ्यासकांची मदत घेऊन नवव्या शतकातील बगदाद पडद्यावर उभे केले. अशा कामाला पुष्कळ हात लागतात. म्हणूनच या व्यवसायात बरेचसे काम बाहेरच्या कलाकारांकडून करून घेण्याची पद्धत आहे.

काम कसे चालते? प्रथम साध्या ठोकळ्यांनी जागा मांडतात. गल्ली किती रुंद, दरवाजा किती उंच, हे तेथेच ठरते. मग कमान, खांब, पायरी, भिंतीचा तुकडा असे सुटे भाग एकाच मापात तयार करतात. माप जुळल्यामुळे थोड्याच तुकड्यांतून अख्खा मोहल्ला जोडता येतो. पुढची पायरी शिंप्याला चटकन कळेल. वस्तूचा पृष्ठभाग कापडासारखा उलगडून सपाट पसरतात, त्यावर वीट, लाकूड, गिलावा चढवतात आणि तो परत वस्तूवर बसवतात. विटांचा नमुना छपाईच्या ठशासारखा असतो. चारही कडा जुळल्या तरच जोड लपतो. शेवटी उजेड-सावलीचे काम. या सर्वांत काटकसर पाळावी लागते. सेकंदाला ६० चित्रे दाखवायची तर एका चित्रासाठी संगणकाला सुमारे १६ मिलिसेकंदच मिळतात. देखावा जड झाला की खेळ अडखळतो.

भांडवल म्हणजे चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक. ‘ब्लेंडर’ हे सॉफ्टवेअर २००२ पासून सर्वांना मोफत खुले आहे. ‘अनरिअल’ इंजिन शिकायलाही पैसे पडत नाहीत. त्यावर केलेल्या खेळाची विक्री १० लाख डॉलरच्या पुढे गेली, तर वरच्या रकमेवर साधारणतः ५ टक्के द्यावे लागतात, आणि तेही खेळ विकणाऱ्याने. शिकणाऱ्याने मात्र घाई करू नये. जानेवारी २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या खेळ विभागातील सुमारे १,९०० आणि युनिटी कंपनीने सुमारे १,८०० जागा कमी केल्या. अशी कसलेली माणसेही बाहेरची कामे शोधतात. नवख्याची स्पर्धा त्यांच्याशी आहे.

आता मुख्य मुद्दा. या धंद्यात कमाईच्या दोन वाटा आहेत. एक, मजुरीवर काम करून देणे. दुसरी, तयार तुकडे बाजारात ठेवणे. एपिक कंपनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘फॅब’ नावाचा ऑनलाइन बाजार सुरू केला. तेथे विक्रीतील ८८ टक्के रक्कम विक्रेत्याला मिळते. एकदा घडविलेली कमान शंभर गिऱ्हाइकांना विकता येते. परंतु तीच कमान मजुरीत करून तिचे सर्व हक्क गिऱ्हाइकाला लिहून दिले असतील, तर ती पुन्हा विकता येत नाही. कारागीर फसतो तो येथेच. मजुरी मालाची घेतली आणि साचाही देऊन बसला, असे होते.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हस्तांतरण भारतापुरतेच मानले जाते. परदेशी गिऱ्हाइकाच्या करारात मात्र सर्व हक्क, कायमचे, आणि त्याच्याच देशाच्या कायद्याखाली, अशी अट असू शकते. तेव्हा वाचल्याशिवाय सही करू नये. साच्यासह माल द्यायचा असेल तर भाव वेगळा सांगावा. आगाऊ रक्कम किती, दुरुस्त्या किती वेळा, मूळ फाईल केव्हा द्यायची, हे आधीच लिहून घ्यावे. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहून ठेवावा, ही ताकीद सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत आहेच. ओळखीच्या माणसाशी व्यवहार करतानाही ती लागू आहे.

रोजी हलाल असावी, ही चिंता आमच्या वाचकांना असणार. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केंद्राने २०२५ मध्ये केला. तरी परदेशातून जुगाराच्या पडद्यांची कामे येऊ शकतात. नोकरदाराला काम नाकारणे जड जाते. स्वतंत्र कारागिराला ते सोपे असते, आणि त्याने ही मोकळीक वापरावी. मशिदीची कमान, बाग, बाजार, बंदर घडविण्याची कामेही या धंद्यात आहेत.

ज्या घरात नक्षीकाम, सुतारकाम वा बेतण्याचे हुनर आहे, तेथील मुला-मुलींनी या कामाकडे अवश्य पाहावे. प्रथम आठ-दहा चांगले नमुने तयार करावेत, जाणत्या वकिलाकडून कराराचा एक मसुदा करून घ्यावा, आणि मगच पहिले काम हाती घ्यावे.